लहान मेंढी आणण्याआधी



आम्ही जुन्नर-आंबेगावची माणसं. आमच्या तालुक्यांचं नाव निघालं की लोकांना धरणं आणि ऊस आठवतो. पण आणे पठार आणि लोणी-धामणीचा पट्टा तुमच्या रानासारखाच कोरडवाहू आहे. तेव्हा आम्ही इथं शहाणपण शिकवायला आलेलो नाही. आमच्या एका चुकीचा हिशोब तुमच्यापुढं मांडायला आलो आहोत.

लहान चणीच्या, जुळी देणाऱ्या मेंढीची चित्रं हल्ली मोबाईलवर फिरतात. कमी खाते, दुप्पट देते, असं सांगतात. यातलं खरं किती? बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची मेंढी आहे. पुरी वाढली तरी दहा ते चौदा किलोची, आपल्या दख्खनीच्या निम्मीच. पण एका वेताला दोन, कधी तीन कोकरं देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 1990 च्या दशकात ती इकडं आणली. ती तशीच लोकांना वाटली नाही, कारण तिला मांस थोडं आणि दूधही थोडं. तिचा दख्खनीशी संकर केला. जुळ्यांचा तो गुण एकाच जनुकात असतो. 2001 मध्ये त्याचा नेमका पत्ता लागला आणि रक्त तपासून तो ओळखता येऊ लागला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी उभी राहिली. म्हणजे आपण पैसे मोजतो ते लहान अंगासाठी नव्हे, दुसऱ्या कोकरासाठी. ते कोकरू जगलं नाही तर आपल्या हाती साध्या दख्खनीएवढंच उरतं, खर्च मात्र जास्त झालेला असतो.

आमचं तेच झालं. आमच्यातल्या चौघांनी मिळून एका व्यापाऱ्याकडून ‘जुळी देणाऱ्या’ म्हणून दहा गाभण मेंढ्या आणल्या. तिघींनीच जुळी दिली. वेत आलं मार्चमध्ये. रानात काडी नाही, कडबा बैलांपुरता. मेंढ्यांच्या अंगावर मांस नाही, तर कासेत दूध कुठून येणार? त्या सहा कोकरांतली चार पहिल्या आठवड्यात गेली.

म्हणून आता आम्ही आधी चारा मोजतो. तीस किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण किलोभर वाळला चारा धरा. दहा मेंढ्यांना उन्हाळ्याच्या चार महिन्यांत बाराशे किलो. अर्धं पोट चरून भरेल म्हणालात तरी सहाशे किलो घरात हवाच, आणि तो बैलाच्या वाट्याचा काढून नाही. कडबा कुट्टी करून द्या. अख्खी ताटं मेंढी तुडवूनच जास्त वाया घालवते. बांधावर सुबाभूळ लावलेली असली तर पाला मिळतो, पण तो थोडाच आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून.

मेंढी पाच महिन्यांनी वितेय, हे धरून नर सोडा. जून-जुलैत सोडला की नोव्हेंबर-डिसेंबरात वेत येतं आणि खरिपाचं रान मोकळं झालेलं असतं. तुमच्याकडं कपाशीचं रान चारता, ते शेवटच्या वेचणीनंतर आणि फवारणी होऊन बरेच दिवस गेल्यावरच. कोवळी किंवा पाण्यावाचून सुकलेली ज्वारी, कापणीनंतर बुडख्याला आलेले फुटवे, यांत विष असतं. त्यात मेंढी शिरली की तासाभरात आडवी होते. आणखी एक, गाईम्हशींचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका, त्यातलं तांबं तिला बाधतं. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

गोठ्याचं आमचं दुखणं वेगळं. 2001 च्या सुमाराला आमच्याकडं बिबट्याचे हल्ले एकदम वाढले आणि तेव्हापासून उसाकाठी मेंढी बांधणं म्हणजे रात्र जागून काढणं झालं. धनगराची वाघूर मेंढरं आत ठेवते, बिबट्याला ती बाहेर ठेवत नाही. भिंत पुरुषभर उंच केली तरी तो उडी मारतो. वरूनही जाळी हवी, आणि दाराला कडी हवी. मेंढीमागं दहा चौरस फूट छप्पर आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा, यापेक्षा हौस नको. तुमच्याकडं बिबट्या नसेल, पण कुत्री असतीलच.

नर घेताना रक्ततपासणीचा दाखला मागा. जनुक डोळ्यांनी दिसत नाही, नर जुळा आहे एवढ्यावर काही ठरत नाही. ज्याच्यात जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत त्याच्या सगळ्या लेकींत तो गुण उतरतो. एकच प्रत असली तर निम्म्या लेकींत. पंचवीस-तीस मेंढ्यांना असा एक नर पुरतो, म्हणून एकट्यानं घेण्यापेक्षा चार घरांनी मिळून घ्यावा. दख्खनी मेंढ्या गावात आहेतच, त्या विकून सगळा कळप नवा आणण्याची गरज नाही.

राहिला दुधाचा प्रश्न. त्याचं उत्तर आम्हाला संस्थेत नाही, वाड्यावर मिळालं. दिवाळीनंतर पारनेर-संगमनेरकडचे धनगर आमच्या शेतात मेंढरं बसवायला येतात. त्यांच्या कळपात चार-दोन शेळ्या असतात. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, त्या चहाच्या दुधासाठी. त्यातल्या एका म्हातारबाबांनी दाखवलं, आईला दूध नसलेलं कोकरू ते शेळीला कसं लावतात. यंदा दहा मेंढ्यांमागं एक दुभती शेळी आम्हीही ठेवली आहे. पहिला चीक मात्र आईचाच, तासाभराच्या आत. पहिल्या दोन रात्री घरातलं कुणीतरी गोठ्यातच निजतं.