कार्यक्रम पटला, मत का नाही?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





अमेरिकेतील एका पराभवावर येथे कशाला बोलायचे, असे काहींना वाटेल. पण बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरने आपले नाव तिकडच्याच ब्लॅक पँथरवरून घेतले. तो समाज आपल्याला परका नाही. दुसरे कारण असे की, निवडणुकीचा निकाल लागला की आमचे शिकलेले तरुण म्हणतात, "आपल्या लोकांना काही कळतच नाही." या एका वाक्याला उत्तर द्यावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे पुढारी बंद खोलीत ठरवीत नाहीत. राज्याराज्यांत मतदान होते व मतदार उमेदवार निवडतात. यास प्राथमिक निवडणूक म्हणतात. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत व्हरमाँटचे सिनेटर बर्नी सँडर्स उभे होते. सर्वांना सरकारी आरोग्य विमा, तासाला किमान १५ डॉलर मजुरी, सरकारी महाविद्यालयांत मोफत शिक्षण हा त्यांचा कार्यक्रम. माणूसही कृतीचा. १९६३ साली शिकागोत कृष्णवर्णीय मुलांना वेगळे ठेवणाऱ्या शाळाव्यवस्थेविरुद्ध निदर्शने करताना त्यांना अटक झाली होती. १९८८ साली कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन उभे होते तेव्हा बर्लिंग्टनचे महापौर असलेल्या सँडर्सनी त्यांना उघड पाठिंबा दिला होता.

सुरुवातही चांगली झाली. ११ फेब्रुवारीस न्यू हँपशायर व २२ फेब्रुवारीस नेव्हाडा त्यांनी जिंकले. मग २९ फेब्रुवारीस साउथ कॅरोलायना आले. तेथे या निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात. जो बायडन यांना ४८ टक्क्यांहून अधिक मते पडली, सँडर्सना सुमारे २० टक्के. तीनच दिवसांनी १४ राज्यांत मतदान झाले, त्यांतील १० बायडन यांनी घेतली. ८ एप्रिलला सँडर्सनी माघार घेतली.

कोणी म्हणेल, कार्यक्रमच लोकांना पटला नसेल. तसे नव्हते. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारले असता टेक्सास, टेनेसी अशा सँडर्स हरलेल्या राज्यांतही निम्म्याहून अधिक लोकांनी सरकारी विम्याच्या बाजूने कौल दिला. म्हणजे विचार पटला, पण मत दुसऱ्याला गेले. येथेच थांबून विचार केला पाहिजे.

साउथ कॅरोलायनात १९४७ पर्यंत ही प्राथमिक निवडणूक फक्त गोऱ्यांची होती. आमचा पक्ष म्हणजे खाजगी क्लब आहे, असे तेथील पुढारी न्यायालयात सांगत. खटला लढवून ते दार उघडावे लागले. मतदानाचा हक्क खऱ्या अर्थाने सुरक्षित झाला तो १९६५ च्या कायद्याने. ज्या आजीने तो काळ पाहिला, तिच्या लेखी मत हे घरादाराचे संरक्षण आहे. तिचा पहिला प्रश्न, "ट्रम्पना कोण हरवील?" गोरे शेजारी कोणाला मत देतील याचा अंदाज ती आयुष्यभराच्या अनुभवातून बांधते. चूक झाली तर पहिला फटका आपल्यालाच बसतो, हे तिला ठाऊक असते. यास अडाणीपणा म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट शब्दाची. सँडर्स 'प्रस्थापितां'वर तुटून पडत. पण तेथील पक्षातले प्रस्थापित कोण? जिम क्लायबर्न. १९६० साली विद्यार्थी चळवळीत तुरुंगात गेलेले, १९९२ साली निवडून आलेले, आणि १८९७ नंतर त्या राज्यातून प्रतिनिधिगृहात पोहोचलेले पहिले कृष्णवर्णीय. त्यांनी २६ फेब्रुवारीस बायडन यांना पाठिंबा दिला. हा पाठिंबा आपल्या निर्णयात महत्त्वाचा ठरला, असे जवळजवळ निम्म्या मतदारांनी सांगितले. लढून मिळविलेली खुर्ची आणि वारशाने मिळालेली खुर्ची यांना एकच शब्द लावला, तर माणसे दुखावतात.

आम्ही बँकेत नोकरीस लागलो तेव्हा नवे खाते उघडण्यास जुन्या खातेदाराची ओळख लागे. पैसे रोख असले तरी ओळखीच्या सहीशिवाय खाते उघडत नसे. मताचेही तसेच आहे. बायडन ओबामांबरोबर आठ वर्षे उपराष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या अर्जावर सही करणारे गावोगावी होते. सँडर्सचा कार्यक्रम रोख होता, पण सही करणारे कमी पडले.

हेच सँडर्स नेव्हाडात कसे जिंकले? तेथे त्यांच्या कार्यकर्त्यांनी लॅटिनो वस्त्यांत फार आधीपासून, त्यांच्याच भाषेत, घरोघर काम केले होते. सुमारे निम्म्या लॅटिनो मतदारांनी त्यांना मत दिले. जेथे आधी पाय झिजवले तेथे फळ मिळाले. तरुणांवर मोठी भिस्त होती. पण सभेला आलेले सगळे मतदानाला आले नाहीत. अपेक्षेइतके तरुण आणता आले नाहीत, हे सँडर्सनी स्वतः कबूल केले. बुटिजेज व क्लोबुशार या प्रतिस्पर्ध्यांनी ऐन वेळी माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला, हेही एक कारण आहे. पण ते फोडणीचे. डाळ आधीच शिजलेली होती.

मात्र हरलेले सारे वाया जात नाही. १९८८ साली जॅक्सनही हरले. परंतु त्यांच्या आग्रहाने पक्षाने मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी देण्याचा नियम केला. पुढे २००८ साली त्याच नियमाचा ओबामांना उपयोग झाला.

विद्यार्थी मित्रहो, आपला विचार बरोबर आहे एवढ्याने समोरच्याने मत दिलेच पाहिजे असे नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाने आपल्याला मत दिले नाही, तर त्याला काय कळत नाही हे विचारण्याआधी त्याला कशाची भीती वाटते हे विचारा. रेशनकार्डाच्या रांगेत, दवाखान्यात, शाळेच्या प्रवेशाच्या वेळी तुम्ही त्याच्याबरोबर उभे होता का, हे स्वतःला विचारा. तथागतांनीही धम्म सांगितला तो गावोगावी पायी चालत, ऐकणाऱ्याची पात्रता आणि दुःख ओळखून. निवडणूक पाच वर्षांनी येते. विश्वास मात्र मधल्या पाच वर्षांतच मिळवावा लागतो, आणि ते काम आपल्यासारख्या संस्थांचे आहे.