जपानी बाग कोणाच्या हातांवर उभी आहे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

मला भाषणाची सवय नाही आणि शिक्षण सातवीपर्यंतच. पण परवाच्या बैठकीत देणगीचा विषय निघाला तेव्हा बऱ्याच जणी म्हणाल्या, "आपल्याजवळ द्यायला आहे काय? पैसा तर यांच्या हातात." म्हणून धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेले होते, तेव्हा पाहिलेले सांगते.

फ्लोरिडा प्रांतात डेलरे बीच गावाजवळ मोरिकामी नावाचे जपानी वस्तुसंग्रहालय व बाग आहे. पुण्याला सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, जपानी धर्तीचे, तसेच तळे, पूल आणि दगड. पण सारी जागा दोनशे एकरांच्या घरात. त्या भागातल्या तळ्यांत मगरी असतात असे बहिणीने सांगितले, तेव्हा मी बाळाला घट्ट धरले ते घरी येईपर्यंत.

ही जमीन एका शेतकऱ्याची. सुकेजी मोरिकामी जपानातल्या मियाझु गावचा, जन्म १८८६ चा. तिकडे काही जपानी लोकांनी यामातो नावाची वसाहत करून अननसाची शेती मांडली होती. तिथे हा १९०६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आला. चार पैसे मिळवून परत जायचे, एवढाच बेत. पण अननसावर रोग पडला, क्यूबाचा स्वस्त माल आला, माणसे पांगली. हा राहिला. इंग्रजी यावे म्हणून एवढा मोठा गडी लहान मुलांच्या शाळेत जाऊन बसला! सातवी शिकलेल्या मला ही गोष्ट फार आवडली. भाजीपाला पिकवून तो जमीन घेत गेला. पुढे महायुद्धात, १९४२ साली, यामातोत उरलेल्या कुटुंबांच्या जमिनी सरकारने विमानतळासाठी घेतल्या. आपल्या लोकांचे असे झालेले पाहूनही या माणसाने म्हातारपणी आपली जमीन तिथल्याच लोकांना, पाम बीच जिल्ह्याला, बागेसाठी देऊन टाकली. लग्न केले नव्हते, मूलबाळ नाही. १९७६ साली तो वारला आणि १९७७ साली संग्रहालय उघडले. त्याला ते पाहायला मिळाले नाही, याची मला चुटपुट लागते.

पण भगिनींनो, जमीन दिली म्हणून बाग झाली असे नाही. आज दिसते ती मोठी बाग होइची कुरिसू यांनी आखली, ती २००१ साली पुरी झाली. एकीत सहा बागा आहेत, जपानातल्या निरनिराळ्या काळांच्या. एका ठिकाणी पाण्याचा थेंब नाही, नुसते खडे. त्यांवर दाताळ्याने रेघा ओढून लाटा दाखवायच्या. वारापाऊस झाला की रेघा मोडल्या, पुन्हा ओढा. अगदी आपल्या दारच्या रांगोळीसारखे. कुंडीतल्या बुटक्या झाडांना उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकून चालत नाही. शिवाय तो मुलूख वादळांचा.

खर्चाचा काही भाग जिल्ह्याचे सरकार सोसते. बाकीचा तिकिटे, सभासदांची वर्गणी आणि देणग्या यांतून उभा करावा लागतो. तिकीट मला महागच वाटले, हे इथेच सांगून ठेवते. बहिणीने वर्षाची वर्गणी भरली आहे. चार वेळा गेले की ती फिटते म्हणते.

पैशाखेरीज दुसरे देणे मी तिच्या शेजारच्या आजींपाशी पाहिले. त्या जपानी नव्हेत. नवरा गेल्यावर घर खायला उठले, म्हणून दर बुधवारी संग्रहालयात जाऊ लागल्या. शाळेची मुले आली की त्यांना फिरवून जुन्या वसाहतीची माहिती सांगायची. त्याआधी त्यांना सारे शिकावे लागले होते. पगार एक पैसा नाही. मात्र आल्याची वेळ, गेल्याची वेळ वहीत लिहायची. वर्षाचे तास मोजतात, आणि ते देणगीच्याच मानाने धरतात.

ती वही माझ्या मनातून जात नाही. आपण पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो, त्याचे तास कोणी मोजले आहेत? घरचे काम मोजू नये हे मलाही पटते. पण घराबाहेर दिलेली सकाळ मोजली, तर "आमच्याजवळ काही नाही" हे शब्द तोंडातून निघणार नाहीत. आजींचा बुधवार ठरलेला होता. सून, मुलगा, पाहुणे, सगळ्यांना माहीत, की बुधवारी आई नाही.

आपल्या मंडळातल्या तिघीचौघींची मुले तिकडे आहेत. नातवंडांसाठी जाल तेव्हा नुसते फोटो काढून येऊ नका. मुलांना तिथली वर्गणी भरायला लावा. जी तिकडे कायमची राहिली असेल, तिने आठवड्यातली एक सकाळ विचारून पाहावी. इंग्रजी मोडके असले तरी सणाच्या दिवशी लागणारी कामे हातांचीच असतात. मी गेले तेव्हा सोमवारी बाग बंद असे, एवढे लक्षात ठेवा.

आणि इथल्यांसाठी एक कोरी वही मी आजच आणली आहे. ती कार्यवाह बाईंच्या टेबलावर ठेवते.