सावकाश वर या



बाली बेटावरील तुलांबेन गावाच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर ‘लिबर्टी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज पाण्याखाली पडले आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने ते फोडले, तेव्हा ओढत आणून ते किनाऱ्याला लावले. पुढे १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते समुद्रात लोटले. त्याचा वरचा भाग अवघा पाच मीटर खोल आहे. म्हणून पाठीवर हवेची टाकी बांधलेला नवशिकाही तो पाहू शकतो.

त्याला बजावतात : श्वास कोंडू नका, सावकाश वर या. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो आणि हवेतील नायट्रोजन रक्तात मुरतो. घाईने वर आल्यास सोड्याच्या बाटलीसारखे अंगात बुडबुडे सुटतात. हे कारण पॉल बेर यांनी १८७८ साली मांडले. परंतु ग्रंथात येण्याआधी ते मजुरांच्या सांध्यांत शिरले होते. ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी दाबलेल्या हवेच्या पेट्यांत, नदीच्या तळाशी खणणारे ते मजूर! कित्येक लुळे झाले, काही दगावले.

पाहणाऱ्याच्या आनंदाचा आम्हांला हेवा नाही. तुलांबेनच्या बायका आजही त्या जड टाक्या डोक्यावर वाहतात. तेही त्याने पाहावे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे एवढेच म्हणतो : सुरक्षिततेचा नियम ही मालकाची मेहेरबानी नव्हे, की कामातली अडचणही नव्हे. त्याची किंमत कोणीतरी आधीच मोजलेली असते. कारखान्यात तो मोडला, तर ती पुन्हा मोजावी लागते.