इथे अनडू नाही : चातालहोयुकचं उत्खनन

आज जाऊया तुर्कस्तानात, कोन्या शहराजवळ. तिथे चातालहोयुक नावाचं टेकाड आहे. साधारण ९००० वर्षांपूर्वी इथे शेती करणाऱ्या लोकांचं मोठं गाव होतं.

या गावात रस्ते नव्हते. मातीच्या विटांची घरं एकमेकांना खेटून. चालायचं ते छपरांवरून, आणि छपरातल्या भोकातून शिडीने घरात उतरायचं. चुलीचा धूरही त्याच वाटेने बाहेर. खायला गहू, मसूर, मेंढीचं मटण. आणि घरातल्या ओट्यांखाली चक्क मेलेली माणसं पुरलेली! आपल्याकडे शिरूरजवळच्या इनामगावातही घराच्या जमिनीखाली दफनं सापडली आहेत, पण ती बरीच नंतरच्या काळातली.

घर जुनं झालं की वरचा भाग पाडायचा, आत भर घालायची आणि त्यावर नवं घर बांधायचं. असं हजारभर वर्षं चाललं. म्हणून ते टेकाड सुमारे २१ मीटर उंच झालं.

आता खरी गोष्ट. हे सगळं समजून घ्यायचं तर थर काढत खाली जावं लागतं. आणि काढलेला थर परत ठेवता येत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे कोड बिघडला तर जुनं व्हर्जन परत आणतो. इथे अनडू नाही. मागे उरते ती फक्त नोंद.

जेम्स मेलार्ट यांनी १९६१ ते १९६५ मध्ये, चारच हंगामांत, दीडशेहून जास्त खोल्या खणल्या. हे गाव जगाला कळलं ते त्यांच्यामुळेच. पण १९८९ मध्ये त्यांनी इथल्या म्हणून काही भित्तिचित्रांची रेखाटनं छापली, ज्यांचा एकही फोटो नव्हता. तज्ज्ञांना शंका आली. मेलार्ट २०१२ मध्ये वारले. २०१८ मध्ये त्यांच्या लंडनच्या घरात अशा चित्रांचे कच्चे नमुने सापडले. म्हणजे चित्रं घरीच रचलेली! आता त्यांच्या बाकीच्या नोंदींवर किती भरवसा ठेवायचा? तपासायला ते थर तर उरलेलेच नाहीत.

१९९३ पासून इयान हॉडर यांच्या टीमने २५ वर्षं इथे काम केलं, तेही हळूहळू. प्रत्येक थराला नंबर, माती चाळायची, थोडी पाण्यात कालवून जळके दाणे वर तरंगवायचे, फोटो, रेखाटन, रोजची डायरी. डेटा इंटरनेटवर सर्वांसाठी खुला.

याचा उपयोग काय? २०२५ मध्ये इथल्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच घराखाली पुरलेल्यांची नाती बऱ्याचदा आईकडून जुळत होती. म्हणजे मुली बहुधा माहेरच्या घरातच राहायच्या. कोणतं हाड कोणत्या घरातलं, हे नीट लिहून ठेवलं नसतं तर डीएनए मिळूनही हे कळलंच नसतं.

टेकाडाचा बहुतेक भाग अजून खणलेला नाही. तसाच राहू दे थोडा. आपल्यापेक्षा चांगली साधनं घेऊन कुणीतरी येईलच.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!