गव्हाचा तांबेरा आणि वाणांची प्रतिकारशक्ती

(वर्धा जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धा जिल्हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा म्हणून ओळखला जातो. तथापि बोर प्रकल्पाच्या कालव्यावर आणि विहिरींच्या ओलितावर रब्बीत होणारा गहू हा अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या पोळीचा आधार आहे. तांबेरा हा या पिकाचा जुना शत्रू होय. पानांवर नारिंगी आणि खोडावर विटकरी पुरळ उठतात. त्यांवरून बोट फिरविल्यास जी भुकटी हाताला लागते, ती म्हणजे बुरशीचे असंख्य बीजाणू. खोडावरील तांबेरा वाढला की दाण्याचे पोषण खुंटते आणि दाणा सुरकुततो. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात या रोगाने सुमारे २० लाख टन गव्हाची हानी केली. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात समाविष्ट होता.

विदर्भाच्या उन्हाळ्यात हे बीजाणू जगत नाहीत. मग दरवर्षी रोग येतो कोठून? या प्रश्नाचा माग आग्रा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी काढला. रोगाचे मूळ डोंगराळ भागात असते, असे त्यांनी दाखवून दिले. निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत बुरशी टिकून राहते. तेथून ती वाऱ्यावर निघते. बंगालच्या उपसागरातील वादळांबरोबर ती मध्य भारतात पोहोचते आणि पावसाबरोबर पिकावर उतरते, असे पुढील संशोधनात दिसून आले.

आकाशातून येणाऱ्या रोगाला बांध घालता येत नाही. बुरशीनाशकाची फवारणी करता येते. पण तिला खर्च येतो आणि वेळ साधावी लागते. म्हणूनच बियाण्यातील अंगभूत प्रतिकारशक्तीला महत्त्व आहे. ही शक्ती जनुकांमुळे येते आणि संकराद्वारे एका वाणातून दुसऱ्यात आणता येते. आपल्या महाराष्ट्रातील खपली गव्हाने या कार्यात जगाला मोलाचे साहाय्य केले आहे. तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी अमेरिकेत १९२२ मध्ये रूढ झालेल्या १२ वाणांच्या संचात खपलीचा समावेश होता. तिच्यातील प्रतिकारक जनुके पुढे संकरासाठी उपयोगात आली. त्यांपैकी ‘एसआर १३’ या जनुकाची ओळख २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी नेमकेपणाने पटविली.

परंतु ही शक्ती चिरंतन नसते. विदर्भाला परिचित असलेल्या जवसाच्या तांबेऱ्यावर एच. एच. फ्लोर यांनी अमेरिकेत संशोधन केले. वनस्पतीच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला जुळणारे एक जनुक बुरशीतही असते, असे त्यांना आढळले. बुरशीच्या त्या जनुकात बदल झाला, की वनस्पतीचे कुलूप उघडते. १९६७ मध्ये प्रसारित झालेल्या ‘कल्याण सोना’ वाणाने हरितक्रांतीला बळ दिले. परंतु काही वर्षांतच तो पानावरील तांबेऱ्याला बळी पडू लागला. राय या तृणधान्यापासून गव्हात आलेल्या ‘एसआर ३१’ जनुकावर अनेक देशांची भिस्त होती. युगांडात १९९८ मध्ये दिसलेल्या आणि १९९९ मध्ये नोंदविलेल्या ‘यूजी ९९’ या जातीने ते जनुकही निष्प्रभ केले. भंडारा-गोंदियातील धानाच्या करपा रोगालाही हाच नियम लागू आहे.

यातून एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. घरचे बियाणे कितीही शुद्ध राखले, तरी रोगापासून कायमचे अभय मिळत नाही. बियाणे तेच राहते. बुरशी मात्र बदलते. संपूर्ण शिवारात एकच वाण असेल आणि त्याचे कुलूप उघडले, तर गावातील एकही शेत वाचत नाही. दोन-तीन भिन्न वाण असतील, तर सर्वांवर एकाच वर्षी संकट येण्याचा संभव कमी होतो. शास्त्रज्ञही आता एका वाणात अनेक जनुके एकत्र आणण्यावर भर देतात. महाबळेश्वर येथे तांबेऱ्यावर, तर निफाड, पुणे आणि अकोला येथे गव्हाच्या वाणांवर संशोधन चालते. त्याचे फळ बांधापर्यंत पोहोचविणे हे गावपातळीवरील कार्य आहे.

ग्रामपंचायतीने पेरणीपूर्वी ग्रामसभेत गावातील वाणांची नोंद घ्यावी आणि एकाच वाणाचे प्राबल्य असल्यास कृषी सहायकाचा सल्ला घ्यावा. शिक्षकांनी जानेवारी-फेब्रुवारीत विद्यार्थ्यांना शेतावर नेऊन तांबेऱ्याची ओळख करून द्यावी. पहिला पुरळ दिसताच कृषी कार्यालयाला कळविले, तर उपाय वेळेत होऊ शकतो. अधिकाऱ्यांनी बियाणे वाटपाचे नियोजन करताना किती क्विंटल वाटले एवढेच न पाहता, किती प्रकारचे वाण दिले आणि ते किती जुने आहेत, हेही पाहावे.

एक प्रतिकारक वाण तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. त्याची शक्ती दीर्घकाळ टिकावी, यासाठी शास्त्रज्ञांच्या श्रमांना गावाच्या सावधपणाची जोड मिळणे अगत्याचे आहे.