हजेरीपटाबाहेरचा विद्यार्थी



गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत पदवीचा अभ्यास आणि पोटापाण्याचा उद्योग बऱ्याचदा एकाच अंगावर पडतो. कुणी मोपाच्या विमानतळावर रात्रपाळी करतो, कुणी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असतो, कुणी मूल सासूबाईंकडे ठेवून परीक्षेला येते. अशांना उच्च शिक्षणाच्या परिभाषेत ‘अपारंपरिक विद्यार्थी’ म्हणतात. अमेरिकेच्या शैक्षणिक सांख्यिकी केंद्राने त्यांच्या सात खुणा ठरवल्या होत्या: उशिरा प्रवेश, अर्धवेळ शिक्षण, पूर्णवेळ नोकरी, स्वतःचा खर्च स्वतः करणे, पदरी माणसे असणे, एकट्याने मूल वाढवणे आणि शालान्त प्रमाणपत्र नसणे. १९९९-२००० साली तिथल्या पदवीच्या ७३ टक्के विद्यार्थ्यांत यांतली एकतरी खूण आढळली. चारांतल्या जवळजवळ तिघांना लागू पडते, त्याला अपवाद म्हणणे अवघड आहे. आपल्याकडे २०२०-२१च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ४.१३ कोटी विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४५ लाख दूरशिक्षणात होते. नियमित वर्गात नाव असून बाहेर राबणारे यात वेगळे मोजलेलेच नाहीत.

माझे म्हणणे असे की ही व्याख्या वयावर बेतू नये, वेळेवर बेतावी. ज्याचा वेळ त्याच्या मालकीचा नाही, तो अपारंपरिक. निवृत्त होऊन हौसेने एम.ए. करणाऱ्या साठीच्या गृहस्थांपेक्षा घर चालवणारा एकोणीस वर्षांचा मुलगा या व्याख्येत आधी बसतो. डिचोलीला हे सांगायची गरज पडू नये. २०१२ साली खाणी थांबल्या; पुन्हा सुरू झाल्या त्या २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद पडल्या. खाणींसाठी कर्जाने घेतलेल्या ट्रकांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. अशा घरातला मुलगा कॉलेज सोडून कामाला लागला, तर त्याची बुद्धी कमी पडली असे नव्हे, घरातला पगार कमी पडला. पेडण्यात काजूचा हंगाम घ्या. मार्च ते मे पहाटे बागायतीत जायचे, पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळे, वेचायचे, बिया पिळून वेगळ्या करायच्या, बोंडू भट्टीवर पोचवायचे. बोंडू दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही, आणि सत्रान्त परीक्षाही याच सुमारास येते. वेळापत्रक आखणाऱ्यांनी हंगाम कधी विचारात घेतला असेल, असे ते पाहून वाटत नाही.

पूर्णवेळ शिकणारा, घरच्या पैशावर जगणारा तरुण हा विद्यार्थ्याचा एकमेव नमुना, असे आपल्या परंपरेने तरी कुठे मानले? जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात प्रौढ आणि विधवा बायका शिकू लागल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढले तेच ‘कमवा आणि शिका’ या पायावर. कष्टकरी विद्यार्थी तिथे उपकाराचा धनी नव्हता. संस्था त्याच्यासाठीच उभी होती.

अशा विद्यार्थ्यांसाठी वर्ग संध्याकाळी घ्यावेत आणि हजेरीची अट सैल करावी, असे म्हटले की पहिला आक्षेप येतो तो दर्जाचा. सवलती दिल्या की पदवी स्वस्त होते, असे म्हणतात. पण प्रश्नपत्रिका तीच, परीक्षक तोच, उत्तीर्ण होण्याची रेघ तीच. बदलायची ती फक्त वर्गाची वेळ आणि हजेरीची अट. पंचाहत्तर टक्के हजेरीची सक्ती बसण्याची मोजणी करते, शिकण्याची नाही. (शेवटच्या बाकावरच्यांना हे वेगळे सांगायला नको.) प्रयोगशाळेचे मात्र तसे नाही, तिथे हात लावल्याशिवाय विद्या येत नाही, म्हणून प्रात्यक्षिके शनिवार-रविवारी सलग घ्यावीत. दुसरा आक्षेप असा की दूरशिक्षण आहेच, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या पदव्या समकक्ष मानल्या आहेत. खरे आहे, पण पुस्तके घरी आली तरी शंका विचारायला शेजारी कोणी येत नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्येमध्येही बाहेर पडण्याची मुभा आणि श्रेयांकांची पेढी दिली, हे चांगलेच. मात्र परतण्याची वाट कुणी आखली नाही, तर ती मुभा म्हणजे गळतीलाच दिलेले प्रमाणपत्र ठरेल. तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. संध्याकाळचे वर्ग त्याच माणसांच्या गळ्यात मारून चालणार नाही. त्यासाठी पदे मंजूर व्हावी लागतील, आणि त्या वर्गांनंतर गावी जाणारी बसही ठेवावी लागेल.

आज पदवी घेणाऱ्या स्नातकांनो, यातले बरेचसे काही वर्षांत तुमच्या हाती येईल. कुणी पंचायतीत निवडून याल, कुणी शिक्षक व्हाल, कुणी विमानतळावर किंवा कारखान्यात पाळ्यांचा तक्ता लावाल. आपल्या हाताखालच्या मुलीचा सकाळी दहाला पेपर असेल, तर आदल्या रात्रीची पाळी दुसऱ्याला देता येते. त्यासाठी ना कायदा लागतो, ना अनुदान. तक्ता करताना परीक्षेचे वेळापत्रक शेजारी ठेवले की झाले.