तापलेले इंजिन आणि त्याचा नाजूक सांधा
(हीरक महोत्सवी वर्षातील विज्ञान व्याख्यानाचा मजकूर)



भिलाईच्या माणसाला उष्णता म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या नगरीच्या अनेक पिढ्यांची उपजीविका आगीशीच बांधलेली आहे. विदर्भातून रेल्वेने येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतही कोणाचे आजोबा भट्टीवर, कोणाचे वडील रूळगिरणीत, तर कोणाचा भाऊ देखभाल विभागात, असे सहज आढळते. मात्र आगीशी संबंध असणाऱ्या प्रत्येक यंत्रात एक जागा अशी असते, की जिच्याकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही. ती जागा म्हणजे दोन भागांमधील सांधा. आजचा विषय या सांध्याचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी उदाहरण घेतले आहे ते तरुणांच्या आवडीचे, वेगवान स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचे.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन जळते, त्या क्षणी वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आज बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. असे असूनही इंजिन वितळत नाही, कारण ज्वाला क्षणभरच टिकते आणि भिंतींमागून पाणी सतत वाहत असते. स्थूलमानाने पाहता, जळालेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांश गाडी चालविण्याच्या कामी येते, तेवढीच थंड करणाऱ्या पाण्यावाटे निघून जाते आणि उरलेली तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडते. जोरात चालणाऱ्या इंजिनाचा धूर ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापलेला असतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात तो याहूनही वर जातो आणि धुराच्या नळीचा आरंभीचा भाग, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात, तो अंधारात लालभडक दिसतो.

या तप्त लोखंडाच्या आणि हेडच्या मध्ये एक पातळ पट्टी बसविलेली असते. तिला गॅस्केट म्हणतात. कारागीर तिला पॅकिंगही म्हणतात. दुसरे, अधिक महत्त्वाचे गॅस्केट हेड आणि त्याखालील ब्लॉक यांच्यामध्ये असते. या हेड गॅस्केटला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : जळता वायू, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे तेल. पूर्वी ही पट्टी ॲस्बेस्टॉसची असे. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांना घातक ठरल्याने ते मागे पडले. आज पोलादाचे अनेक पातळ थर एकावर एक ठेवून ती बनवितात.

उष्णतेने ही पट्टी का निकामी होते? ती जळते, हे उत्तर अपुरे आहे. खरे कारण प्रसरणात आहे. तापमान एक अंशाने वाढले, की ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे २३ भाग वाढते, तर बिडाचे लोखंड सुमारे ११ भाग. इंजिनाचे हेड ४०० मिलिमीटर लांब आहे आणि त्याचे तापमान ८० अंशांनी वाढले, असे धरू. ॲल्युमिनियमचे हेड पाऊण मिलिमीटरच्या जवळपास वाढेल आणि त्याखालील बिडाचा ब्लॉक मात्र जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. एकाच बोल्टने घट्ट आवळलेले हे दोन शेजारी दर वेळी वेगवेगळ्या मापाने सरकतात आणि मधली पट्टी घासली जाते. गाडी थंड झाली, की पुन्हा उलटी सरक. इंजिन प्रमाणाबाहेर तापले, तर हेड किंचित वाकते. ते पूर्ववत सपाट होत नाही, आणि मग नवे गॅस्केटही टिकत नाही.

भिलाईकरांना हे गणित अपरिचित नाही. येथील कारखान्यात तयार होणारा २६० मीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि त्याचे तापमान ४० अंशांनी वाढले, तर तो सुमारे १२ सेंटिमीटर लांबतो. रुळाच्या बाबतीत जे टीचभर दिसते, ते इंजिनात केसाच्या जाडीएवढे असते. नियम मात्र एकच आहे.

आता स्पोर्ट्स कारची विशेष अडचण पाहू. २०१२ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडली गेलेली ‘अवंती’ ही भारतीय स्पोर्ट्स कार दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने घडविली. तिचे दोन लिटरचे टर्बो इंजिन आसनांच्या मागे बसविलेले होते. या रचनेमुळे वजनाचा तोल साधतो, पण समोरून येणारा वारा इंजिनापर्यंत सरळ पोहोचत नाही आणि उष्णता बंद पेटीत कोंडल्यासारखी होते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्पर्धेसाठी ज्या छोट्या फॉर्म्युला गाड्या बांधतात, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो. आपल्या देशातील अनेक चमू चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० मोटरसायकलचे ३७३ सीसीचे इंजिन वापरतात. मोटरसायकलवर ज्या इंजिनाला उघडा वारा मिळे, ते येथे चालकाच्या पाठीमागे बसते. म्हणूनच चालक आणि इंजिन यांच्यामध्ये अग्निरोधक भिंत असलीच पाहिजे, असा या स्पर्धांचा नियम आहे. परदेशातील मॅक्लारेन एफ वन या गाडीत तर इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावलेला होता. त्यात श्रीमंतीचे प्रदर्शन नव्हते, कारण उष्णतेचे किरण परतविण्यात सोन्याची बरोबरी फार थोडे धातू करतात.

धुराची उष्णता कमी करण्याचा पहिला उपाय तिच्या उगमापाशीच करावयाचा असतो. ठिणगी उशिरा पडली, तर इंधन उशिरा जळते, त्याची ऊर्जा दट्ट्याला मिळत नाही आणि धूर अधिक तापून बाहेर पडतो. पूर्ण जोरात चालताना हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, तरी इंजिन तापते. धुराच्या मार्गातील जाळी तुंबली, तर तप्त वायू मागे रेटला जातो. स्पार्क प्लग चुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन नळीतच जळते. म्हणजे वेळेवर केलेली साधी देखभाल हाच गॅस्केटचा पहिला रक्षक होय.

दुसरा उपाय उष्णता इतरत्र पसरू न देण्याचा. नळीवर चिनीमातीसारख्या पदार्थाचा लेप देतात, किंवा काचतंतूंची पट्टी गुंडाळतात. येथे एक सावधगिरी हवी. पट्टीमुळे आजूबाजूचे भाग थंड राहतात, परंतु नळीचा स्वतःचा धातू अधिक तापतो, आणि पावसाचे पाणी पट्टीत मुरले तर नळी गंजते. म्हणजे एका सांध्याला वाचविताना दुसऱ्यावर भार पडू शकतो. याहून साधा मार्ग म्हणजे नळीपासून थोडे अंतर राखून बसविलेला पातळ पत्रा. मधली हवा उष्णता सहज वाहून नेत नाही आणि चकचकीत पत्रा किरण परतवितो. तप्त वस्तूतून निघणारे किरण तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात, हा स्टेफान आणि बोल्ट्झमान यांचा नियम. त्यानुसार नळीचा पृष्ठभाग ८०० अंशांवरून ६०० अंशांवर आणला, तर त्यातून बाहेर पडणारी किरणांची उष्णता निम्म्याहूनही कमी होते. तापमानातील घट पावहिश्श्याची दिसते, पण लाभ निम्म्याहून अधिक.

तिसरा उपाय हवेला वाट करून देण्याचा. नुसती आत येण्याची खिडकी पुरत नाही, तापलेली हवा बाहेर पडण्यासही मार्ग हवा. आणि चौथा उपाय सांध्याला सरकण्याची मुभा देण्याचा. नळीच्या सांध्यावर काही ठिकाणी स्प्रिंग लावलेले बोल्ट असतात, ते यासाठीच. सर्व बाजूंनी जखडलेला धातू शेवटी तडकतो.

या सर्वांवर कळस म्हणजे कारागिराचा हात. हेडचे बोल्ट मनास येईल तसे आवळता येत नाहीत. मध्यापासून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आणि टॉर्क पान्याच्या मापाने ते आवळावे लागतात. त्याआधी दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करावे लागतात आणि पोलादी पट्टी आडवी धरून फीलर गेजने सपाटी तपासावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि गाडी पुन्हा जोडली, की ते कोणालाही दिसत नाही.

पालकांसाठी काही व्यावहारिक सूचनाही येथे उचित ठरतील. पाण्याची टाकी वारंवार रिकामी होणे, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसणे, सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ निघणे, ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे आहेत. इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल खुणेकडे सरकला, तर गाडी तत्काळ थांबवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. आत दाबाखालील पाणी १०० अंशांहून अधिक तापलेले असते आणि झाकण निघताच ते उसळून तोंडावर येते. मुले गाडीचा आवाज वाढविण्यासाठी सायलेन्सरमधील धूर शुद्ध करणारी जाळी काढून टाकतात, खडखडतो म्हणून उष्णतारोधक पत्राही फेकून देतात. तो पत्रा इंधनाची नळी, विजेच्या तारा आणि गाडीखालचे वाळलेले गवत यांना आगीपासून वाचवीत असतो, हे त्यांना कोणीतरी शांतपणे समजावून सांगितले पाहिजे.

गाडीचे गॅस्केट गेले, तर खिशाला चाट बसते. इतर ठिकाणी सांध्याची किंमत याहून फार मोठी असते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे त्या पहाटेच्या थंडीने कडक झाले होते आणि तप्त वायू अडवू शकले नाही. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांसमक्ष ते सिद्ध केले. इशारा देणारे अभियंते होते, पण आदल्या रात्री त्यांचे ऐकले गेले नाही.

भिलाईलाही अशा दिवसांची आठवण आहे. १२ जून २०१४ रोजी पाण्याच्या पंपगृहातील बिघाडानंतर विषारी वायू पसरला आणि सहा जणांचे प्राण गेले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन विभागातील वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना आग भडकली आणि आणखी काही घरांतील कर्ते पुरुष परतले नाहीत. या नगरीत अशा घरांची मुले आपल्याच मुलांशेजारी बाकावर बसतात. वायू नळीत आहे तोवर तो ऊर्जा असतो, सांध्यातून सुटला की मृत्यू. या दोहोंमध्ये उभा असतो तो देखभालीचे काम करणारा माणूस.

म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. भिलाई हे गुणवत्तेचे आणि प्रवेशपरीक्षांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु आयटीआयमध्ये जाऊन फिटर होणाऱ्या मुलाचे नाव घेताना पालकांचा आवाज खाली येतो. टॉर्क पाना योग्य मापाने वापरणारा आणि ‘हा सांधा अजून तयार नाही, यंत्र चालू करू नका’ असे वरिष्ठांना सांगण्याचे धैर्य असणारा फिटर कोणत्याही पदवीधराइतकाच सुशिक्षित आहे. आणि ज्याला पदवी मिळाली आहे, त्याने त्या फिटरचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय शाळेतच लावून घेतली पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण कारखान्यांत, गॅरेजांत आणि वाहननिर्मितीच्या क्षेत्रात कार्यरत आहेत. हीरक महोत्सवानिमित्त त्यांनी शाळेस एक जुने, मोडीत निघालेले इंजिन द्यावे. आठवी-नववीच्या मुलामुलींनी ते स्वतःच्या हाताने उघडावे, गॅस्केट काढून पाहावे, कोठे काळे पडले आहे ते ओळखावे आणि बोल्ट क्रमाने आवळून ते पुन्हा जोडावे. महिन्यातून एका शनिवारी एखाद्या माजी विद्यार्थ्याने त्यांच्यासोबत दोन तास बसावे. प्रयोगशाळेच्या मागील ओसरीत त्यासाठी पुरेशी जागा आहे.